बर्फाची सहल आणि इतर कागदपत्रे

जुन्या जालन्याचा आणि अलास्काचा तसा काही संबंध नाही, आणि तो जुळेपर्यंत आमचं बरं चाललं होतं. आमच्या गावाला समुद्र नाही. नदी आहे, कुंडलिका. जुनं जालना अलीकडे आणि नवं जालना पलीकडे ठेवणं हे तिचं नेमून दिलेलं काम. वाहणं हे पावसाळ्यातलं जादा काम. पिण्याचं पाणी घाणेवाडीच्या तलावातून नाहीतर थेट जायकवाडीहून पाइपातून येतं, आणि ते नळाला कधी येणार हे ज्याला आधी कळतं त्याला गल्लीत मान असतो. अशा गावातल्या चौघांनी, त्यांतला एक पाच वर्षांचा आणि एक दीड वर्षाची, उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात सात रात्री बोटीवर काढाव्यात, ही कल्पना सिअॅटलच्या आमच्या थोरल्या जाऊबाईंची. त्यांची मुलं कॉलेजात आहेत. लहान मुलांना घेऊन प्रवास अगदी सोपा असतो, असं ठामपणे सांगणाऱ्यांची मुलं नेहमी कॉलेजातच असतात.

माझी बोटीबद्दल तक्रार नाही. बर्फाबद्दल तर अजिबात नाही. मे महिन्यात बेचाळीस अंशांत राहणाऱ्या बाईची बर्फाबद्दल तक्रार असू शकत नाही. माझी तक्रार एवढीच आहे की जिथे कोणी राहत नाही अशा ठिकाणी जायला इतक्या माणसांची परवानगी का लागते.

सुरुवात फॉर्मपासून झाली. अमेरिकेच्या व्हिसाचा फॉर्म माणशी एक असतो आणि दीड वर्षाची मुलगी पूर्ण माणूस धरली जाते. फी 185 डॉलर, मोठ्यांना जेवढी तेवढीच. रेल्वे तिला अजून फुकट नेते, पण ते असो. तिच्या वतीने मी लिहून दिलं की ती कोणत्याही दहशतवादी संघटनेची सभासद नाही, हेरगिरी करायला ती येत नाही, आणि तिने बालसैनिकांची भरती केलेली नाही. शस्त्रं किंवा स्फोटकं हाताळण्याचं विशेष कौशल्य आहे का, या प्रश्नापाशी मी जरा थांबले, कारण त्याच वेळी स्वयंपाकघरातून डबा पडल्याचा आवाज आला. पण कौशल्य म्हणण्याइतपत ते नाही, असं ठरवून 'नाही'वर खूण केली. तुम्ही एखाद्या कुळाचे किंवा जमातीचे आहात का, असाही एक प्रश्न आहे. तो सासूबाईंनी ऐकला. फॉर्ममध्ये आमच्याबद्दल कोणी इतक्या आपुलकीने विचारतंय याचं त्यांना बरं वाटलं आणि त्यांनी मूळ पुरुषापासून सुरुवात केली. वीस मिनिटं काही टाइप केलं नाही तर तो फॉर्म आपोआप बंद पडतो. आमचं कुळ त्यापेक्षा लांब आहे.

मग फोटो. दोन इंच बाय दोन इंच, मागे पांढरं, डोळे उघडे, चेहरा समोर, आणि फोटोत दुसरं कोणी नको. म्हणजे धरणारा हातसुद्धा नको. गांधी चमनजवळच्या एका स्टुडिओत आम्ही मुलीला पांढऱ्या चादरीवर आडवं निजवलं. फोटोवाला स्टुलावर चढला, मामंजी खुळखुळा वाजवायला, नवरा दिवा धरायला आणि मी देवाचं नाव घ्यायला. डोळे उघडे तर तोंड वाकडं, तोंड सरळ तर डोळे मिटलेले, आणि दोन्ही जमलं त्या क्षणी कोपऱ्यात मामंजींचं बोट. शेवटी जो फोटो पास झाला त्यात तिचा चेहरा असा आहे की हेरगिरीचं उत्तर मी घाईत दिलं की काय, असं कोणालाही वाटावं.

एवढं झाल्यावर कळलं की अमेरिकेतल्या बंदरातून निघून, अमेरिकेतलंच अलास्का बघून, अमेरिकेतल्याच बंदरात परत यायला कॅनडाचा व्हिसा लागतो. कारण 1886 चा एक कायदा. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरात प्रवासी घ्यायचे आणि परदेशी मातीला न शिवता अमेरिकेतच उतरवायचे, हे त्या कायद्याला चालत नाही. तेव्हाच्या अमेरिकी जहाजमालकांचा धंदा वाचवायला तो केला होता. आता अलास्काला जाणारी बहुतेक सगळी मोठी जहाजं बहामा, पनामा, बर्म्युडा अशा ठिकाणी नोंदवलेली, मालकांचा धंदा कधीच दुसरीकडे गेला, कायदा तेवढा राहिला. त्याचं समाधान व्हावं म्हणून सिअॅटलहून निघालेलं जहाज परत येताना संध्याकाळी काही तास कॅनडाच्या व्हिक्टोरिया बंदरात लागतं. तिथे फुलांच्या बागा आहेत म्हणे. मुलं तेव्हा झोपलेली असणार. त्या झोपेसाठी आम्ही वेगळा फॉर्म, वेगळी फी आणि बँकेची वेगळी स्टेटमेंटं जोडणार. खोलीतून बाहेरच पडणार नाही, असं म्हणायची सोय नाही. तो कागद नसेल तर सिअॅटललाच अडवतात. कोविडच्या काळात कॅनडाने बंदरं बंद ठेवली तेव्हा, 2021 मध्ये, अमेरिकेच्या संसदेने या कायद्याला काही महिने सुट्टी दिली होती. म्हणजे देता येते. तेव्हा आमच्याकडे कोणी विचारायला आलं नाही.

आता खोलीचं. सगळ्यात स्वस्त खोली जहाजाच्या पोटात, बिनखिडकीची. त्यावर सगळ्यांचं एकच म्हणणं, "एवढे पैसे घालून भिंत बघायची का?" गॅलरीवाली खोली घ्यावी तर दीड वर्षाची मुलगी आणि पॅसिफिक महासागर यांच्यामध्ये एक कठडा, आणि ती सध्या जे दिसेल त्यावर चढते. दोन्ही खोल्या दोनशे चौरस फुटांच्या आत-बाहेर. आमच्या माळवदाच्या घरातली धान्याची खोली एवढीच आहे, पण तिथे चार माणसांना सात रात्री कोंडायचं म्हटलं तर लोक पोलिसांत जातील. मी बिनखिडकीची खोली सुचवली, तेव्हा सगळ्यांना वाटलं मी काटकसर करतेय. कारण वेगळं होतं. जूनमध्ये अलास्कातल्या जुनो गावी सूर्य रात्री दहाला मावळतो आणि पहाटे चारच्या आधीच उगवतो. आमच्या चिरंजीवांचा झोपेबाबत एकच नियम आहे: उजेड असेपर्यंत दिवस. गॅलरीत बसून मावळतीचे रंग बघण्याची हौस ज्यांना आहे त्यांनी आमच्या मुलाला पहाटे चारला उठलेला बघितलेलं नाही.

मुलांचं भाडं नाही, असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. एका खोलीतला तिसरा आणि चौथा प्रवासी फुकट. त्याखाली बारीक अक्षरांत बंदरांचे कर, आणि अनेक जहाजांवर रोजची बक्षिसी, तीही माणशी. मुलगी जहाजावर काय खाणार? वरण-भात मिळाला तर तीन घास, नाही मिळाला तर टिश्यू पेपर. त्या सेवेबद्दल ती रोज डॉलरमध्ये बक्षिसी देणार.

जहाजावर मुलांसाठी वेगळं खेळघर असतं. तिथे मुलं सोडायची आणि आईवडलांनी निवांत डेकवर बसून हिमनद्या बघायच्या, हा जाऊबाईंचा सगळ्यात भक्कम मुद्दा. नियम वाचला: वय तीन पूर्ण, आणि डायपर सुटलेला हवा. म्हणजे ज्या मुलाला कुठेही सोडलं तरी चालतं त्याला ते घेणार, आणि जिच्यासाठी मी डोळ्यांत प्राण आणून बघत होते तिला माझ्याकडेच ठेवणार. पोहण्याच्या तलावाचंही तसंच. डायपर घातलेल्या मुलांना मुख्य तलावात उतरवत नाहीत, पाण्यात चालणारा खास डायपर असला तरी. चारी बाजूंना समुद्र, वरून पाऊस, मध्ये तलाव, आणि आमची मुलगी कोरडी राहणार.

मी म्हटलं, दोन वर्षं थांबू. मुलगी मोठी होईल. थोरले भाऊजी सिअॅटलहून फोनवर म्हणाले, "अगं, बर्फ वितळतोय. लवकर बघून घ्या." त्यांच्याकडे तेव्हा सकाळ होती, आमच्याकडे रात्र, रात्री माणसाला घाबरवणं सोपं असतं. मी वाचून काढलं. ज्या ग्लेशियर बेचे फोटो ते पाठवतात तिथे 1794 मध्ये दर्यावर्दी व्हँकुव्हरच्या मोहिमेतले लोक गेले तेव्हा उपसागर जवळजवळ तोंडापर्यंत बर्फाने भरलेला होता. 1879 मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर पोहोचला तोवर बर्फ पन्नासेक किलोमीटर मागे गेला होता. मेंडेनहॉल हिमनदी तर आता वर्षागणिक आत सरकतेय, हे मान्य. पण जो बर्फ पेशवाई असल्यापासून निघालेला आहे, त्याने आमच्या मुलीचा डायपर सुटेपर्यंत दम धरला तर काय बिघडेल, हे मला कोणी सांगितलं नाही.

माहितीपत्रकावर एकही माणूस नाही. निळं पाणी, बर्फाची भिंत, आणि एक अस्वल, तेही पाठमोरं. हे चित्र मी बरेच दिवस बघत होते आणि मला ते आवडलं होतं. जुन्या जालन्यात पाठमोरं कोणी सापडत नाही, प्रत्येक जण वळून विचारतो, "कुठं निघाल्या?" मग आकडे बघितले. जुनो अलास्काची राजधानी, वस्ती बत्तीस हजारांच्या आसपास, बाहेरून तिथे रस्ताच जात नाही. एका मोसमात बोटीने उतरणारे पाहुणे सोळा लाखांवर. गावाला इतकं झालं की 2024 पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं, असा जहाज कंपन्यांशी करार करावा लागला. स्कॅग्वे त्याहून लहान, हजार-बाराशे माणसांचं. गर्दीच्या दिवशी दहा हजारांवर लोक उतरतात. ग्लेशियर बेमध्ये मात्र दिवसाला दोनच मोठी जहाजं सोडतात. म्हणजे निवांतपणा आहे, पण त्याचा परवाना निघतो आणि तो आधीच कोणीतरी काढलेला असतो. गर्दी आणि पाऊस एकत्र अनुभवायचे असतील तर आषाढी एकादशीला आनंदीस्वामींच्या यात्रेत ते घरापासून चालत जाऊन मिळतं, आणि तिथे राजगिऱ्याचा लाडूही मिळतो.

स्कॅग्वेला एक छोटी रेल्वे आहे. सोन्याच्या शोधात निघालेल्यांसाठी 1898 मध्ये बांधायला घेतली, 1900 मध्ये पुरी झाली. रूळ तीन फुटी. लोक डॉलर मोजून तिच्यात बसतात, हळू जाते म्हणून. आमच्या गावावरून जाणारी मनमाड-सिकंदराबाद लाइनही साधारण त्याच काळातली. तीही छोट्या रुळांची होती, तीही हळू जायची. आम्ही निवेदनं दिली, मोर्चे काढले आणि नव्वदच्या दशकात रूळ मोठे करून घेतले. ते छोटे रूळ तसेच ठेवले असते तर आज सगळं स्कॅग्वे जालन्याला आलं असतं, असं मामंजींचं मत आहे. स्टेशन जुन्या जालन्यातच आहे, हेही ते आवर्जून सांगतात.

त्या सोनेवाल्यांबद्दल मला आता आपुलकी वाटते. त्यांच्या वाटेवरच्या खिंडीच्या माथ्यावर कॅनडाचे पोलीस उभे असायचे. वर्षभर पुरेल एवढा शिधा बरोबर असल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचे नाहीत, कारण पलीकडे लोकांवर उपासमारीची वेळ आली होती. शिधा, तंबू, हत्यारं धरून माणशी साधारण एक टन सामान. लोक ते पाठीवर थोडं थोडं करून वाहायचे, त्याच चढाला पुन्हा पुन्हा जाऊन. आमच्या सासूबाईंना ही अट अगदी रास्त वाटली. त्यांची यादी अशी: धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, मेतकूट, भाजणी, चिवडा दोन प्रकारचा (एक तिखट, एक लेकरांचा), मूगडाळ, तांदूळ, आणि ते शिजवायला छोटा कुकर. त्या खिंडीत त्यांना कोणी अडवलं नसतं. पण आता नियम उलटा झालाय. जहाजावर बाहेरचं घरगुती अन्न चालत नाही. विजेची किटली चालत नाही, कुकर चालत नाही, इस्त्रीही चालत नाही. आग लागेल म्हणून. त्याआधी अमेरिकेच्या विमानतळावर ताजी फळं आणि बियाणं चालत नाही. हे शेवटचं ऐकून नवऱ्याला लागलं. तो बियाण्यांच्या कंपनीत आहे. जालन्यातलं निम्मं गाव या ना त्या नात्याने बियाण्यांत आहे, उरलेलं लोखंडाच्या सळईत. आमच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. तरी विमानतळावर ती डब्यात टाकायला लावतात. मानांकन दाखवून उपयोग नाही.

कपड्यांचा प्रश्न स्वतंत्र. केचिकन नावाचं जे बंदर वाटेत आहे तिथे वर्षाला जवळजवळ 3,800 मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडे साधारण 700, तोही पडला तर. 2012 च्या दुष्काळात तर गाव टँकरवर जगलं. केचिकनला तो पाऊस मोजणारी मोठी पाटी धक्क्यावर लावलीय आणि लोक तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. आम्ही टँकरशेजारी कधी काढले नाहीत, सुचलंच नाही. तर या पावसासाठी मुलांना आत गरम आणि बाहेर पाणी न शिरणारे कपडे घ्यायचे, ते जालन्यात, ऐन एप्रिलमध्ये. स्वेटरवाले येतात थंडीत. रेनकोट येतात जूनमध्ये. दुकानदाराने आधी माझ्याकडे, मग मुलांकडे, मग बाहेरच्या उन्हाकडे बघितलं आणि अत्यंत हळुवारपणे विचारलं, "ताई, घरी सगळं ठीक आहे ना?" शेवटी गोदामातून मागच्या वर्षीचा एक जोड निघाला. तो मुलाला आज बसतो. जहाज पुढच्या वर्षी आहे.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, एवढ्या पैशात चारी धाम होतील. समोरचे काका म्हणाले, चारी धामाला जाऊन उरतील. शनी मंदिरापाशी भेटलेल्या एका ओळखीच्या बाईंनी विचारलं, "लेकरांच्या काय ध्यानात राहणार?" हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारलाय आणि तो बरोबर आहे. या वयात पाहिलेल्या हिमनदीपेक्षा जहाजावरची लिफ्ट आणि फुकट आइस्क्रीमचं मशीन मुलाच्या जास्त लक्षात राहील. मुलीच्या तर काहीच राहणार नाही. पण सहल कोणाच्या तरी लक्षात राहते, आणि आमच्या घरात ते खातं माझ्याकडे आहे. व्हिसाच्या तारखा, पासपोर्टची मुदत, कोणाला कोणतं औषध, कोणता बूट कोणत्या पिशवीत, हे सगळं माझ्या लक्षात राहणार. नवऱ्याच्या लक्षात देवमासा राहील.

देवमासे तिथे खरंच दिसतात. हंपबॅक जातीचे. हिवाळ्यात हवाईच्या उबदार पाण्यात माद्या पिल्लं देतात, तिथे स्वतःला खायला जवळजवळ काही नाही. मग पिल्लाला बरोबर घेऊन साडेचार-पाच हजार किलोमीटर पोहत उन्हाळ्यात अलास्काला चरायला येतात.  त्या बाईला कोणी फोटो विचारत नाही, तिच्या पिल्लाला कोणी हेर समजत नाही, आणि दूध पिणाऱ्या पिल्लाला पाण्यात मज्जाव नाही. माहितीपत्रकातली तेवढी एकच गोष्ट वाचून मला खरोखर जावंसं वाटलं.

हे सगळं जुळत आल्यावर आमच्या लक्षात आलं की ज्याच्यासाठी म्हणून हे चाललंय त्याला कोणी विचारलेलंच नाही. चिरंजीवांना समोर बसवून नकाशा दाखवला. त्याने फक्त एक प्रश्न विचारला: पेंग्विन किती? नवरा म्हणाला, पेंग्विन दक्षिणेला असतात, आपण उत्तरेला चाललोय. मग पांढरं अस्वल? तेही अलास्काच्या पार वरच्या टोकाला. आपलं जहाज जातं तिथे काळी आणि तपकिरी. इग्लू? नाही. कुत्र्यांची गाडी? आहे, पण हेलिकॉप्टरने हिमनदीवर जावं लागतं आणि त्याचं भाडं बघून आम्ही ते पान उलटलं होतं. त्याने नकाशाकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि विचारलं, "मग तिथं आहे काय?" इतक्या फॉर्ममधल्या इतक्या प्रश्नांत हा एकच प्रश्न असा होता की त्याचं उत्तर आमच्यापैकी कोणाला देता आलं नाही.

पेंग्विन आपल्या मुंबईत आहेत. भायखळ्याला, राणीच्या बागेत. 2016 मध्ये दक्षिण कोरियाहून आणले, थंड खोलीत ठेवतात. जालन्याहून वंदे भारतने जाता येतं, फॉर्म एकही नाही. व्हिसासाठी मुंबईला जायचंच होतं. तेव्हा तडजोड झाली: तो कुरकुर न करता बोटीवर येईल, त्याआधी आम्ही त्याला पेंग्विन दाखवू. हा करार त्याने आजोबांसमोर, साक्षीदार ठेवून करून घेतला.

तारखा मिळाल्या. बोटांच्या ठशांची मंगळवारी संध्याकाळची, मुलाखतीची बुधवारी सकाळची, आणि परतीचं कन्फर्म तिकीट बुधवारी रात्रीचं. राणीची बाग बुधवारी बंद असते. हे चिरंजीवांना सांगायचं काम मी नवऱ्याकडे दिलं आहे. कॅनडाचं मी बघतेय.